गोळीनंतरचे पंधरा दिवस

गर्भपाताचा कायदा ‘परवानगी कोण देणार’ या प्रश्नाभोवती रचला गेला. औषधी गोळ्यांनी तो प्रश्न मागे टाकला आहे. आता प्रश्न आहे तो गोळी घेतल्यानंतर स्त्रीच्या सोबतीला कोण आहे, याचा.

रुग्णालयाच्या नोंदवहीत खोटे कसे शिरते, हे मी सेवेत असताना एका तपासणीच्या वेळी पाहिले. छत्तीसगडच्या उत्तर भागातील एक सामुदायिक आरोग्य केंद्र. आदल्या रात्री तीस किलोमीटरवरच्या खेड्यातून एका स्त्रीला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणले होते. तीन मुलांची आई, वय तिशीच्या आत. सहा दिवसांपूर्वी तिने बाजाराच्या गावातून आणलेल्या गोळ्या घेतल्या होत्या आणि रक्तस्राव थांबत नव्हता. केंद्रात आल्यावर तिला पहिला प्रश्न विचारला गेला तो गोळ्या कोणी दिल्या आणि नवरा कुठे आहे, हा. नवरा कामासाठी परराज्यात गेला होता. बऱ्याच प्रश्नोत्तरांनंतर उपचार सुरू झाले. ती वाचली. नोंदवहीत मात्र तिच्या नावापुढे ‘आपोआप झालेला गर्भपात’ असे लिहिलेले होते. मी कारण विचारले, तेव्हा उत्तर सरळ मिळाले: खरे लिहिले तर चौकशी मागे लागेल, तिच्याही आणि आमच्याही.

त्या कर्मचाऱ्यांना मी दोष दिला नाही, आजही देत नाही. त्यांनी आपल्या परीने तिला वाचवले होते, आधी उपचारांनी आणि मग त्या खोट्या नोंदीने. परंतु ज्या व्यवस्थेत जीव वाचवण्यासाठी खोटे लिहावे लागते, तिच्यात काही मूलभूत चुकते आहे, हे त्या दिवशी लक्षात आले. रायपूरला निवृत्तीनंतर स्थायिक झाल्यावर या विषयाचा कायदा, इतिहास आणि आकडे पुन्हा चाळले, तेव्हा त्या एका नोंदीमागे केवढा मोठा प्रदेश अंधारात आहे, याची कल्पना आली.

आकड्यांतला अंधार

मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने दिल्लीची पॉप्युलेशन कौन्सिल आणि अमेरिकेतील गुटमाकर संस्था यांच्यासह केलेला एक अभ्यास ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांपैकी ७३ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १५ लाख, रुग्णालयाबाहेर औषधी गोळ्यांनी झाले. रुग्णालयांत झालेल्यांचे प्रमाण २२ टक्के होते आणि उरलेले सुमारे ५ टक्के अन्य, बहुतांशी धोकादायक मार्गांनी झाले. देशातील एकूण गर्भधारणांपैकी जवळपास निम्म्या अनियोजित होत्या, असेही याच अभ्यासात आढळले. सरकारी दफ्तरी दरवर्षी नोंदवले जाणारे गर्भपात मात्र काही लाखांच्या घरातच राहतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ज्या स्त्रियांनी गर्भपात झाल्याचे सांगितले, त्यांपैकी २७ टक्क्यांच्या बाबतीत तो घरी, स्वतःच्या हातानेच झाला होता. जवळजवळ निम्म्या गर्भपातांचे कारण ‘अनियोजित गर्भधारणा’ हे होते. १६ टक्क्यांच्या बाबतीत काही ना काही गुंतागुंत झाली. दारात आलेल्या अनोळखी सर्वेक्षकाला अशी गोष्ट सांगायला जी स्त्री धजावते, तिचेच उत्तर या आकड्यांत उतरते, हे ध्यानात ठेवले म्हणजे दोन्ही अभ्यासांतल्या तफावतीचे आश्चर्य वाटत नाही.

या आकड्यांचा साधा अर्थ असा की, भारतातील गर्भपात शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठून घराच्या मागच्या खोलीत गेला आहे. हे स्थित्यंतर कोणत्याही धोरणाने घडवले नाही. ते औषधाने आणि स्त्रियांच्या गरजेने घडवले. धोरण अजून टेबलाशीच उभे आहे.

पुण्यातले घर आणि शहांची समिती

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला इथे थोडे मागे जावेसे वाटते, कारण या प्रश्नाचा एक धागा महाराष्ट्रातून येतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला. स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात एवढाच अपवाद. त्याच काळात विधवाविवाहाला समाजमान्यता नव्हती आणि फसवल्या गेलेल्या विधवेपुढे विहीर, वैदूचे विषारी औषध किंवा नवजात अर्भकाची हत्या यांखेरीज फारसे मार्ग नव्हते. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे कोणीही विधवा गुप्तपणे येऊन बाळंत होऊ शकत असे. तिने मूल घेऊन जावे की ठेवून जावे, हे तिच्यावर होते. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. त्या खटल्यावरील वृत्तपत्री चर्चेत सारा दोष स्त्रीजातीवर टाकला जात होता. त्या संतापातून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. विसाव्या शतकात र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून खटले, दंड आणि बदनामी सोसली. गर्भधारणेआधीच ती टाळण्याचे ज्ञान सर्वांना मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह आजही अपुराच आहे.

या सगळ्यांत मला महत्त्वाची वाटते ती फुल्यांच्या घराची रीत. तिथे आलेल्या स्त्रीला आधी दार उघडले जाई आणि तिचे नाव जपले जाई. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दोन शिक्षकांना जे उमजले होते, ते आपल्या आरोग्य खात्याच्या परिपत्रकांत अजून पुरते उतरलेले नाही.

स्वातंत्र्यानंतर केंद्राने १९६४ साली महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. चोरट्या गर्भपातांमुळे होणारे मृत्यू पाहून या समितीने १९६६ मध्ये कायदा सैल करण्याची शिफारस केली. त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भसमापन कायदा जन्मला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. जगातील अनेक प्रगत देशांच्या तुलनेत तो पुरोगामी होता. मात्र त्याची रचना लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. त्याने दंड संहितेतील गुन्हा रद्द केला नाही. नोंदणीकृत डॉक्टरने ठरावीक अटी पाळून गर्भपात केला, तर त्या डॉक्टरला शिक्षा होणार नाही, एवढे संरक्षण दिले. दंड संहितेच्या कलम ३१२ मधील, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मधील, स्पष्टीकरण आजही सांगते की, स्वतःचा गर्भपात घडवून आणणारी स्त्रीदेखील या गुन्ह्याच्या व्याख्येत येते. म्हणजे मागच्या खोलीत गोळी घेणारी स्त्री कायद्याच्या नजरेत आजही उघड्यावर उभी आहे. प्रत्यक्षात तिच्यावर खटले क्वचितच होत असतील, पण नोंदवही खोटी लिहायला भीती पुरेशी असते.

दोन औषधे, तीन टप्पे

या गोळ्यांचा प्रवास मोठा उद्बोधक आहे. मिफेप्रिस्टोन हे औषध फ्रान्समध्ये १९८० च्या दशकात विकसित झाले आणि १९८८ मध्ये तिथे मंजूर झाले. विरोधाला घाबरून कंपनीने ते मागे घेताच फ्रेंच सरकारने हस्तक्षेप करून ते पुन्हा बाजारात आणायला लावले. दुसरे औषध मिसोप्रोस्टॉल, जे मुळात पोटातील व्रणासाठी होते. त्याचा हा दुसरा उपयोग १९८० च्या दशकात ब्राझीलमधल्या सामान्य स्त्रियांमध्ये आधी पसरला आणि वैद्यकशास्त्राने तो नंतर अभ्यासला. भारतात मिफेप्रिस्टोनला २००२ मध्ये मान्यता मिळाली, तर दोन्ही औषधांचे एकत्र पाकीट २००८ मध्ये, नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी, मंजूर झाले. जागतिक आरोग्य संघटनेने ही जोडी २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली आणि २०१९ मध्ये ती मुख्य यादीत आणली.

पद्धत थोडक्यात अशी: पहिल्या दिवशी मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी पोटात घ्यायची. एक ते दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या. काही तासांत कळा येऊन मासिक पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव होतो आणि गर्भ बाहेर पडतो. पुढे आठ-दहा दिवस, कधी त्याहून अधिक काळ, थोडेथोडे रक्त जात राहते. भारतातील मार्गदर्शक सूचनांनुसार पंधराव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा तपासणी व्हावी. नऊ आठवड्यांच्या आत, योग्य मात्रेत घेतल्यास शंभरातील पंचाण्णवच्या आसपास स्त्रियांना पुढे कशाची गरज पडत नाही.

सारा प्रश्न उरलेल्या चार-पाच जणींचा आहे आणि त्या कोण असतील हे आधी सांगता येत नाही. म्हणून प्रत्येकीला काही गोष्टी ठाऊक असणे आवश्यक आहे. सलग दोन तास, तासाला दोन किंवा अधिक घड्या पूर्ण भिजत असतील, एका दिवसाहून अधिक ताप राहत असेल, दुर्गंधीयुक्त स्राव असेल, पोटदुखी वेदनाशामकाने हटत नसेल किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठले पाहिजे. याउलट, चार गोळ्यांनंतर चोवीस तासांत रक्तस्राव झालाच नाही, तर तेही तितकेच गंभीर आहे. गर्भ तसाच वाढत असेल किंवा तो गर्भाशयाबाहेर, गर्भनलिकेत असेल. गर्भनलिकेतील गर्भावर या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि नलिका फुटली तर काही तासांत जीव जाऊ शकतो. एका बाजूला तीव्र दुखणे आणि भोवळ ही त्याची खूण.

दुसरी चूक उलट्या दिशेची आहे. घरगुती गर्भचाचणी गर्भपात पूर्ण झाल्यावरही दोन-तीन आठवडे, कधी अधिक काळ, सकारात्मक येते. सोनोग्राफीत थोड्या गाठी दिसतात. स्त्रीला त्रास नसतो, तरी घाबरून ‘पिशवी साफ’ करून घेतली जाते. जी शस्त्रक्रिया टाळण्यासाठी गोळी आली, तीच पुन्हा मागच्या दाराने येते आणि गरीब घरावर कर्ज ठेवून जाते. खरोखर अपूर्ण राहिलेल्या गर्भपातावर पुष्कळदा औषधाची आणखी मात्रा किंवा हाताने चालवायचे साधे शोषण-उपकरण पुरते.

आणखी एक गोष्ट क्वचितच कोणी सांगते. गर्भपातानंतर दहा-बारा दिवसांतही पुन्हा बीजोत्सर्ग होऊ शकतो. पाळी येईपर्यंत गर्भ राहत नाही, हा समज चुकीचा आहे. गर्भनिरोधक गोळ्या त्याच दिवसापासून सुरू करता येतात आणि गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री होताच तांबी बसवता येते. ते न झाल्यास तीच स्त्री सहा महिन्यांत त्याच दुकानात परत येते.

छत्तीसगडची जखम

हे सारे छत्तीसगडमध्ये अधिक तीव्रतेने का जाणवते, त्याला कारणे आहेत. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार या राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील दर दहा स्त्रियांमागे सहा रक्तक्षयग्रस्त आहेत. सिकलसेलचा आजार इथल्या अनेक समाजांत खोलवर आहे. निरोगी स्त्रीला जो रक्तस्राव सोसवतो, तो रक्तक्षयी स्त्रीला सोसवेलच असे नाही. २०१८-२० या काळात देशातील माता मृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ होते. महाराष्ट्राचे ३३, तर छत्तीसगडचे १३७.

दुसरे कारण अविश्वासाचे आहे आणि त्यात शासनाचा वाटा मोठा आहे. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूरजवळ, बंद पडलेल्या एका खासगी रुग्णालयाच्या इमारतीत भरलेल्या शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ स्त्रियांच्या नसबंदी शस्त्रक्रिया केल्या. सरकारी निकष दिवसाला ३० चा होता. स्त्रियांना त्याच दिवशी गोळ्या हाती देऊन घरी पाठवण्यात आले. पुढच्या काही दिवसांत किमान १३ जणींचा मृत्यू झाला. शस्त्रक्रियेतील हलगर्जीपणा आणि दिलेल्या औषधांची शुद्धता, दोन्हींवर बोट ठेवले गेले. २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. त्याआधी २०१२ मध्ये विमा योजनेच्या पैशासाठी गरज नसताना गर्भाशये काढल्याच्या तक्रारींनी हेच राज्य हादरले होते. आणि याच भूमीत, अविभाजित मध्य प्रदेशच्या १९७९ च्या एका आदेशाने बैगांसारख्या आदिवासी समाजांची नसबंदी करण्यास मनाई होती. पाच-सहा मुलांनंतर स्वतःहून मागणी करणाऱ्या बैगा स्त्रीलाही नकार मिळे आणि त्यासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

एकीला जबरदस्तीने शिबिरात आणायचे, दुसरीला मागूनही द्यायचे नाही. दोन्हींमागे निर्णय आपला आहे, स्त्रीचा नाही, ही एकच धारणा होती. नसबंदीच्या शिबिरातला आणखी एक धडा इथे लागू पडतो. स्त्रिया टेबलावर दगावल्या नाहीत. त्या घरी परतल्यावर, उलट्या आणि पोटदुखी सुरू झाल्यावर, कुठे जावे हे न कळण्याच्या काळात खालावल्या. मोजणी शस्त्रक्रियांची होत होती. नंतरच्या दिवसांची मोजणी कोणाच्याच तक्त्यात नव्हती. गोळीच्या बाबतीत आपण तीच चूक, अधिक शांतपणे, करत आहोत.

चुकीच्या शत्रूचा पाठलाग

मराठी वाचकाला बीड जिल्ह्यातील परळीची २०१२ ची घटना आठवत असेल. बेकायदा गर्भपातात एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि स्त्रीभ्रूणहत्येचे जाळे उघड झाले. संताप रास्त होता. परंतु त्यानंतर महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने गर्भपाताच्या गोळ्या विकणाऱ्या दुकानांवर छापे घातले आणि अनेक औषध विक्रेत्यांनी हे पाकीट ठेवणेच बंद केले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा राज्यांतील सुमारे दीड हजार औषध दुकानांच्या पाहणीतही मध्य प्रदेश, राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि तमिळनाडूतील बहुसंख्य दुकानांत ते नसल्याचे आढळले. कारण विचारले तर कायद्याची भीती आणि कागदपत्रांचा जाच पुढे येतो.

यात एक साधा हिशेब विसरला जातो. गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या आहेत. सोनोग्राफीत गर्भाचे लिंग साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्याआधी खात्रीने कळत नाही. लिंगनिदान करून मुलगी पाडणाऱ्याचे हत्यार ही गोळी नव्हे. त्याला रोखण्यासाठी १९९४ चा लिंगनिदानविरोधी कायदा आहे आणि त्याचा रोख सोनोग्राफी यंत्राकडे असायला हवा. गोळ्यांवर छापे घालणे सोपे असते, कारण औषध दुकान रस्त्यावर असते.

परवानाधारक दुकानातून गोळी गेली, म्हणून तिची गरज गेली नाही. मग ती विनापरवाना डॉक्टरच्या पिशवीतून येते, पाकीट फोडून, माहितीपत्रकाशिवाय, कधी एकच औषध, कधी चौथ्या महिन्यातल्या स्त्रीलाही. ज्याचे नावच कुठे नाही, त्याच्याकडे सहाव्या दिवशी परत कसे जाणार?

न्यायालयाने उघडलेले दार

गेल्या काही वर्षांत कायदा पुढे सरकला, हे मान्य केले पाहिजे. २०२१ च्या दुरुस्तीने ‘विवाहित स्त्री आणि तिचा पती’ या शब्दांऐवजी ‘कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार’ असे शब्द घातले. काही गटांसाठी मुदत २० वरून २४ आठवडे केली आणि स्त्रीची ओळख उघड करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली. त्याच वर्षीच्या नियमांनी औषधी गर्भपाताची मुदत सातवरून नऊ आठवडे केली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने अविवाहित स्त्रियांनाही समान हक्क असल्याचा निर्वाळा दिला. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत पतीची किंवा अन्य कोणाची संमती लागत नाही, हे अधोरेखित केले. अल्पवयीन मुलीच्या विनंतीवरून पोलिसांना द्यायच्या माहितीत तिचे नाव कळवण्याची सक्ती डॉक्टरवर नाही, असेही स्पष्ट केले.

तरीही निर्णयाची किल्ली डॉक्टरच्या ‘सद्भावनापूर्ण मता’कडेच आहे आणि ग्रामीण छत्तीसगडमध्ये असा प्रशिक्षित एमबीबीएस डॉक्टर पुष्कळदा उपलब्धच नसतो. या राज्याने स्थापनेनंतर लगेच, २००१ मध्ये, तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला होता. तो पुढे बंद पडला, पण त्यातून तयार झालेले ग्रामीण वैद्यकीय सहायक आजही अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रे चालवतात. २०१० मध्ये झालेल्या एका अभ्यासात नेहमीच्या आजारांच्या उपचारांत ते वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोडीचे आढळले. गर्भपाताच्या कायद्याने मात्र त्यांना हात लावता येत नाही. २०१४ च्या दुरुस्ती मसुद्यात परिचारिका आणि आयुष डॉक्टरांना प्रशिक्षण देऊन हे अधिकार देण्याचा प्रस्ताव होता. तो २०२१ पर्यंत येता येता गळाला.

विरोधी बाजूचे म्हणणे मी हलके मानत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतात की, तपासणीविना घेतलेल्या गोळीने गर्भनलिकेतील गर्भ लक्षात येत नाही, महिने चुकीचे मोजले जातात, रक्तक्षयी स्त्री दगावू शकते. हे खरे आहे. ज्यांना गर्भपातच नैतिकदृष्ट्या अमान्य आहे, त्यांच्या श्रद्धेचाही आदर राखता येतो. पण या दोन्ही भूमिकांमधून, गोळी घेऊन रक्तबंबाळ अवस्थेत दारी आलेल्या स्त्रीला ताटकळत ठेवावे, असा निष्कर्ष निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बारा आठवड्यांपर्यंत स्त्री स्वतः ही प्रक्रिया हाताळू शकते, असे म्हटले आहे, पण त्याला अचूक माहिती, दर्जेदार औषध आणि गरज पडताच मिळणारी वैद्यकीय मदत यांची अट घातली आहे. आपल्याकडे स्त्री स्वतः हाताळतेच आहे. तिन्ही अटी तेवढ्या पुऱ्या व्हायच्या आहेत.

करण्यासारखे

प्रशासनात आयुष्य गेल्यामुळे मला मोठ्या घोषणांपेक्षा लहान आदेशांवर अधिक भरवसा वाटतो. पहिला आदेश राज्याच्या आरोग्य खात्याने एका पानावर काढावा: गर्भपातानंतरच्या गुंतागुंतीसाठी आलेल्या कोणत्याही स्त्रीवर आधी उपचार करावेत. गोळी कोठून आणली, हा प्रश्न केवळ उपचारासाठी लागेल तेवढाच विचारावा आणि पतीच्या उपस्थितीची अट कोणी घालू नये. असा आदेश काढायला संसदेची गरज नाही.

दुसरे, मितानिन. छत्तीसगडने २००२ मध्ये गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. देशभरातील आशा योजना तीन वर्षांनी याच धर्तीवर आली. आज सुमारे सत्तर हजार मितानिन आहेत. छत्तीसगडी समाजात मितान-मितानिन हे विधिपूर्वक जोडलेल्या मैत्रीचे नाते आहे, रक्ताच्या नात्याइतके पक्के. मितानिनने गोळ्या वाटाव्यात, असे मी म्हणत नाही. पण धोक्याच्या चार-पाच खुणा तिला पाठ असाव्यात, पाळी चुकताच मोफत गर्भचाचणी करून देऊन तिने स्त्रीला लवकर केंद्रात पोहोचवावे आणि तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या दिवशी सहज चौकशी करावी. बाळंतिणीच्या घरी ती जातेच. हे घर तिच्या यादीत नाही, एवढेच.

तिसरे, प्रत्येक पाकिटासोबत हिंदी, छत्तीसगडी, हलबी आणि गोंडीत, चित्रांसह माहितीपत्रक असावे. औषध निरीक्षकांना लेखी कळवावे की, डॉक्टरच्या चिठ्ठीवर हे पाकीट विकणे हा गुन्हा नाही. चौथे, वैद्यकीय सहायक आणि परिचारिकांना प्रशिक्षण देऊन मर्यादित अधिकार देण्याचा प्रश्न केंद्राने पुन्हा हाती घ्यावा. पाचवे, पंधराव्या दिवसाच्या भेटीत गर्भनिरोधनाची चर्चा पतीसह व्हावी, स्त्रीची इच्छा असेल तर. देशात स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के असताना अनियोजित गर्भाचा सारा हिशेब एकट्या स्त्रीकडून मागणे न्याय्य नाही.

हा प्रश्न राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही. राजनांदगाव आणि गोंदिया, कांकेर आणि गडचिरोली यांची जंगले एक आहेत, बाजार एक आहेत आणि नागपूरची वाट धरणारे रुग्णही दोन्हीकडचे आहेत. एके काळी नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांतात रायपूरही होते. इकडे जे चुकते, ते तिकडेही फार वेगळे नसते.

त्या आरोग्य केंद्रातील नोंदवही आता कुठल्या तरी कपाटात असेल. त्या एका ओळीत तिचे वय, गाव आणि खोटे कारण आहे. गोळी घेतल्यानंतरचे सहा दिवस ती कशी जगली, पहिल्या रात्री घाबरली तेव्हा कोणाला हाक मारावी हे तिला ठाऊक होते का, घरी परतल्यावर पंधराव्या दिवशी तिची विचारपूस कोणी केली का, यांपैकी काहीही त्यात नाही. त्या नोंदवहीत एवढे रकाने वाढले आणि ते निर्भयपणे खरे भरता आले, तर या विषयातील पुष्कळ काम झाले असे मी समजेन.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून रायपूर येथे वास्तव्यास आहेत. लेख अनुवादित.)